वीस मिनिटांचा अहवाल

सोमवार, ९

ही वही मिळून तीन आठवडे झाले आणि पहिलं पान आज उघडतेय. मधल्या काळात वहीने दोन कामं केली. आठवडाभर ती खिडकीच्या फटीत अडकवलेली होती, कारण खिडकी वाऱ्याने आपटायची. मग मी शेवटच्या पानावर लॉन्ड्रीत टाकलेल्या कपड्यांची यादी केली. आज मोठ्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "लिहितेस ना गं?" आणि मी म्हणाले, "हो तर, रोज." इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच कौतुक वाटलं. आता लिहिणं आलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की जो माणूस दुसऱ्याच्या घरी चौकशीला जातो त्याने परत आल्यावर दोन गोष्टी लिहाव्यात. दार उघडायच्या आधी मनात काय आलं, आणि दार बंद झाल्यावर काय उरलं. ही वही कोणी वाचणार नाही. अहवाल केंद्राचा, वही आपली. मी विचारलं, मनात काहीच आलं नाही तर? त्या म्हणाल्या, "मग तर नक्की लिही." असं बोलणाऱ्या माणसांचा मला वैताग येतो. सरळ काही सांगायचं म्हणून नाही.

मी कोण ते लिहून टाकते, तेवढंच अर्धं पान भरेल. वय चोवीस. कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलं, किंवा मी सोडलं. दोन्हीकडून फारसं कोणी रडलं नाही. मग बेकरीचा काउंटर, पेट्रोल पंप, हॉटेलातलं रिसेप्शन, आणि सगळ्यात शेवटी लॉन्ड्रीची गाडी चालवणं. ती गाडी झकास होती. मागे गरम चादरींचा ढीग, आणि थंडीत पाठीला अशी ऊब लागायची की सिग्नल लागला तरी वाईट वाटायचं नाही. पण ते असो. पाच वर्षांत तीन गावं झाली. इथे तीन महिने. काम असं: शाळेतून, दवाखान्यातून किंवा शेजाऱ्यांकडून कळतं की अमुक घरात काही बरं चाललेलं नाही. आपण जायचं, बसायचं, विचारायचं, आणि फॉर्मवरच्या चौकोनांत खुणा करायच्या. त्या खुणा बघून समिती ठरवते, की घरी मदतनीस द्यायची का, मूल वसतिगृहात हलवायचं का, वगैरे. मला गाडी चालवता येते म्हणून घेतलं असणार. दुसरं काही कारण मला तरी सापडत नाही.

मंगळवार, १०

आज भूगोलाच्या बाईंकडे गेले. वय ब्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, मुलगा-सून खालच्या मजल्यावर, या वर एकट्या. दिवसभरासाठी मदतनीस हवी म्हणून अर्ज केला आहे. भिंतभर जगाचा नकाशा लावलाय, आणि त्यावर जिथे जिथे जायचं राहून गेलं तिथे टाचण्या. जिथे गेल्या तिथे नाहीत, जिथे जायचं राहिलं तिथे. मला हे इतकं आवडलं की मी फॉर्म काढायचाच विसरले. दोन नद्या एकमेकींना मिळतात तिथे पाण्याचे दोन रंग बराच वेळ वेगळे दिसतात म्हणे. त्यांनी हाताने करून दाखवलं.

निघताना म्हणाल्या, "तुझ्यासारखी चुणचुणीत मुलगी वर्गात असती तर मी अजून दहा वर्षं शिकवलं असतं." मला आजवर कोणत्याही शिक्षकाने बाहेर उभं राहा याशिवाय काही म्हटलेलं नाही. मग दाराशी हळूच सांगितलं, की सून दोन-दोन दिवस जेवायला देत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'कुटुंबाकडून दुर्लक्ष' या चौकोनात जाडजूड खूण केली. घड्याळ पाहिलं तर अडीच तास झाले होते.

दार उघडायच्या आधी मनात काय आलं: काही नाही. छान घर आहे, असं.

गुरुवार, १२

आजच्या घराने डोकं उठलंय.

शाळेची तक्रार आहे. मुलगी सोळा वर्षांची, या वर्षात एकतीस दिवस गैरहजर. शेजारणीची वेगळी तक्रार आहे, की बाप सकाळ-संध्याकाळ ओरडत असतो. आई नाही, मुलगी सात वर्षांची असताना गेली. बाप पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. मी जिना चढतानाच त्याला मनात 'भोंगा' असं नाव देऊन टाकलं.

तिसरा मजला. दार ठोठावलं. आत माणूस चालल्याचा आवाज, खुर्ची सरकवल्याचा आवाज, पण दार उघडायचं नाव नाही. दहा मिनिटं ठोठावत होते. शेजारीण डोकावून म्हणाली, "उघडणार नाहीत ते. पोरगी आली की जा." एवढ्यात पोरगी पिशवी घेऊन आली. तिच्याकडे किल्ली होती, तरी तिने आधी दाराशेजारचं बटण तीनदा दाबलं. बेल वाजली नाही. बिघडलेली बेल दाबत राहायची सवयच लागली असणार बिचारीला. मग किल्ली लावली.

आतून एकदम, "कोण?" असं की माझ्या हातातली फाइल खाली पडली. मग "बसा", तेही तसंच, जसं काही मी रस्त्याच्या पलीकडे उभी आहे. टीव्ही चालू, आवाज बंद. या घरात टीव्हीलाही बोलायची परवानगी नसावी. भोंगा समोर बसला आणि सबंध वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे, कपाळाला आठ्या घालून. मी एक प्रश्न विचारला की तो मुलीकडे बघायचा. ती आधी त्याच्या बाहीला हात लावायची आणि मग बोलायची. परवानगी घेतल्यासारखं. ती आतल्या खोलीत गेली तर त्याने टेबलावर थाप मारली, दोनदा, सगळे कप हलले. ती लगेच बाहेर आली.

मी तिला विचारलं, "शाळेत का जात नाहीस?"

ती म्हणाली, "जाते की. एकतीस दिवस सोडून."

"ते एकतीस दिवस का?"

"कामं असतात."

"कसली कामं?"

"घरची." आणि माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न मलाच विचारलेला वाटावा.

वीस मिनिटांत मी बाहेर. चार खुणा: मोठा आवाज, वस्तूंवर आपटणं, मूल विचारून बोलतं, पाहुण्याला बाहेर ताटकळत ठेवणं. चारही डोळ्यांसमोर घडलेलं. आणखी काय हवं?

सोमवार, १६

अहवाल एका बैठकीत लिहिला. एरवी मला दोन ओळींचा अर्ज लिहायला अर्धा दिवस लागतो. हा मात्र नळ सोडल्यासारखा आला. शिफारस: मुलीला सध्यापुरतं वसतिगृहात हलवावं. नियमकाकांना दिला. नियमकाका म्हणजे आमचे कारकून. यांना सगळे नियम तोंडपाठ आहेत आणि ते कोणी विचारायची वाट बघत नाहीत. त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "त्या चाळीतली माणसं अशीच. मी वीस वर्षं बघतोय." आपलं बरोबर निघालं याचा आनंद झाला आणि तो असा काकांकडून मिळाला याचं थोडं वाईट वाटलं.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्यासमोर दोन अहवालांच्या प्रती.

"इथे किती वेळ होतीस?"

"वीस मिनिटं."

"आणि भूगोलाच्या बाईंकडे?"

"अडीच तास. पण त्या बोलतात हो खूप."

"आणि हे बोलत नाहीत. म्हणून वीस." चष्मा काढून पुसत राहिल्या. "मुलीशी एकटीशी बोललीस?"

"बापाने सोडलं तर ना."

"विचारलंस?"

नव्हतं विचारलं. म्हणाल्या, पुन्हा जा, अहवाल तोवर थांबवते. आणि इथे घोडं अडलं. नियमकाकांनी तो सकाळच्या टपालातच समितीकडे पाठवून दिलेला. मुदत होती म्हणे. गेलेला अहवाल परत येत नाही. पुरवणी तेवढी जोडता येते. सुनावणी एक तारखेला.

मोठ्या बाईंनी चष्मा घातला आणि दोन्ही प्रती फाइलीत लावून ठेवल्या. यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

मंगळवार, १७

आज पुलापलीकडे एका आजोबांकडे. दार अर्धं उघडून मला वरपासून खाली पाहिलं. बारीक कापलेले केस, बूट, कानात तीन-तीन रिंगा. "तू कोणाची?"

"केंद्रातून आलेय, आजोबा."

"ते नाही. कोणाची?"

आडनाव सांगितलं. ते त्यांना पुरलं नाही. मग गाव. मग वडील काय करतात. शेवटी म्हणाले, "आमच्यातलं कोणी असेल तर पाठवा," आणि दार लावलं.

मी तरातरा जिना उतरले. मी धड तोंड उघडायच्या आत माणसाने मला ओळखून टाकलं, म्हणजे काय. दोन मिनिटं नीट बोलले असते तर कळलं असतं मी कशी आहे. संतापाने दिवसभर काही सुचलं नाही. वाटेत सायकलच्या दुकानात एक जुनी सायकल बघत अर्धा तास घालवला. घ्यायची नव्हती.

शुक्रवार, २०

दुसरी भेट. मुलगी मला जिन्यातच भेटली. हातात समितीची नोटीस.

"ताई, तुम्ही लिहिलंत का की बाबा मला मारतात?"

"मारतात असं नाही लिहिलं. धोका आहे असं लिहिलं."

"कसला धोका?"

मी चार खुणा वाचून दाखवल्या. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी भीती समजायला तयार होते. पण ती भीती नव्हती. पाचवीतल्या पोराने सोपी बेरीज चुकवली की मास्तरांच्या चेहऱ्यावर येतं ते होतं.

"चला वर," म्हणाली.

तिचे बाबा खिडकीजवळ आरसा टांगून दाढी करत होते, आमच्याकडे पाठ करून. तिने स्वयंपाकघरातून पातेल्याचं मोठं झाकण आणलं, हात वर केला आणि फरशीवर सोडून दिलं. मी जागच्या जागी उडाले. शेजारणीने भिंतीवर ठोकलं. झाकण गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. तिचे बाबा हनुवटीखालचा साबण ओढत होते. हातातलं पातं जरासुद्धा हललं नाही.

"कळलं?" ती म्हणाली.

मी वाकून झाकण उचललं.

मग तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळा पाढा वाचला. तीन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा. प्रेसवर तीस वर्षं, त्याचंच हे. तोंडाकडे बघून निम्मं कळतं त्यांना, तेही समोर असलं तर, आणि मुख्यतः तिचंच. बटण दाबलं की आत दिवा लागतो. बाहीला हात लावल्याशिवाय त्यांना कळतच नाही की ती बोलतेय. टेबलावर थाप मारली की तिला ऐकू जातं, आणि आपण केवढ्याने मारली हे त्यांना कळत नाही. स्वतःचा आवाजही कळत नाही. बँक, दवाखाना, वीज कंपनी, जिथे जिथे बोलावं लागतं तिथे ती बरोबर जाते. शेजारणी तिला 'बापाची शेपूट' म्हणतात. एकतीस दिवस असे गेले.

"मग यंत्र का लावत नाहीत कानाला?"

"आणि कारखान्यात काय सांगायचं? प्रेसवर ऐकू न येणारा माणूस ठेवत नाहीत. घरी बसवतात. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत त्यांची." दरवर्षी कारखान्याचा डॉक्टर कानाला हेडफोन लावून तपासतो, आवाज आला की बोट वर करायचं. ही समोरच्या बाकावर बसते. डॉक्टरच्या मशीनवर दिवा लागला की नाक खाजवते. तीन वर्षं पास होतायत.

"अगं, पण मशीनवर काही झालं तर? भोंगा वाजला आणि कळलंच नाही तर?"

"त्यांच्या मशीनला भोंगा नाही, दिवा लावलेला आहे. दोन वर्षांपूर्वी लावला कोणीतरी. नशीब." मग म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत तर बाबांची नोकरी जाईल. नाही लिहिलंत तर मी जाईन वसतिगृहात, आणि बाबा एकटे. बसा आता लिहीत."

मी हळूच विचारलं, "बाबांना माहीत आहे, समितीचं?"

"नाही. टपाल मीच घेते. घाबरतील उगाच. त्या दिवशी त्यांची पहिली पाळी आहे, मी शाळेत जाते म्हणून सांगून येणार."

एवढं बोलताना माझी नजर आरशाकडे गेली. साबण पुसून झाला होता, पण ते हलले नव्हते. आरशातून आमच्याकडेच बघत होते. मी आवाज आणखी खाली आणला.

बाहेर पडल्यावर कळलं की मी आवाज कोणासाठी खाली आणला होता. कपाळावर हात मारला.

भोंगा हे नाव मी इथे आठ दिवसांपूर्वी मोठ्या थाटात लिहिलंय. पान फाडणार होते. राहू दे. वही कोणी वाचणार नाही, मी सोडून.

सोमवार, २३

आजचा दिवसही तसाच. सकाळी केंद्रात एक बाई आली आणि माझ्या टेबलावर चार खणी डबा आपटला. भूगोलाच्या बाईंची सून.

"उघडा," म्हणाली.

"कशाला?"

"उघडा आणि बघा काय काय आहे. रोज दोनदा वर नेते. अकरा वर्षं. मी खाली उतरेपर्यंत त्या विसरतात, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की उपाशी ठेवलंय. तुम्ही तिसऱ्या. पण आधीच्या दोघींनी निदान खाली येऊन मला विचारलं तरी."

नियमकाकांनी डब्यात वाकून बघितलं. मोठ्या बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती रडत नव्हती, तिला नुसता राग आला होता, आणि रागावलेल्या माणसाला खुर्ची देता येते हे मला सुचलंही नसतं. तिच्या जागी मी असते तर डबा डोक्यात घातला असता.

ज्या घरात नकाशा होता तिथे मी सगळं खरं मानलं. ज्या घरात ओरडणं होतं तिथे काहीच नाही. पुलापलीकडच्या आजोबांना मी दिवसभर शिव्या घातल्या, त्यांनी निदान तोंडावर सांगितलं.

सगळे गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "दार उघडायच्या आधी काय आलं मनात, लिहिलंस का? त्या तिसऱ्या मजल्यावर?"

"लिहिलं."

नव्हतं लिहिलं. आता लिहिते. दार बंद होतं, उघडलं, आणि आतून "कोण?" असा आवाज आला. तेव्हा मी तिथे नव्हतेच. आमच्या घरी होते. बाबा बाहेरच्या खोलीत, आई ओट्याशी हात थांबवून उभी, आणि मी जिन्याखाली बसून मोजतेय की आज किती वेळ चालेल. एकोणिसाव्या वर्षी निघाले तेव्हा आईने पाठीमागून पिशवीत स्वेटर कोंबला. बाबा बोलले नाहीत, पहिल्यांदाच.

म्हणजे अहवाल मी त्या मुलीचा लिहिलाच नाही. उगाच नाही नळ सोडल्यासारखा आला.

आणि हेही लिहून ठेवते, म्हणजे कोणी गैरसमज करून घ्यायला नको: आमच्या बाबांना व्यवस्थित ऐकू यायचं. त्यांना यातून काही सूट नाही.

मंगळवार, २४

पुरवणी लिहायला बसले. पाच कागद फुकट गेले.

नियमकाका म्हणाले, "पुरवणीला कारण लागतं. कारणाशिवाय जोडता येत नाही."

"कारण: मी मूर्ख."

"त्याला रकाना नाही."

"मग कशाला आहे?"

"नवीन माहिती मिळाली, पत्ता बदलला, संबंधित व्यक्ती मयत." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्याकडे नवीन माहिती आहे का?"

आहे, आणि तीच लिहायची नाही. मी म्हणाले, नाही.

"मग बघा. तसंही त्या पालकांना मी दोनदा फोन केला. उचलत नाहीत. फाइलला नोंद केली आहे, पालक सहकार्य करत नाहीत."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. काका म्हणाले, "काय झालं?" पाणी प्यायला गेले आणि परत यायला पाऊण तास लावला.

गुरुवार, २६

शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी मुलीला गाठलं आणि सहावा कच्चा खर्डा वाचायला दिला. तिने दप्तरातून पेन काढून आधी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं. मग म्हणाली, "हे 'माझ्या बालपणीच्या अनुभवामुळे' कशाला? त्यांना काय करायचंय?"

"तेच तर कारण आहे."

"असं वाटतं की तुम्हालाच मदत हवी आहे."

आम्ही बाकावर बसलो. तिने चिक्कार खोडलं. पण ओरडण्याचं काय लिहायचं, यावर दोघी अडलो. ती म्हणाली, "लिहा की आमच्या घरात मोठ्याने बोलतात."

"का, असं विचारतील."

"सवय, म्हणायचं."

"आणि एकतीस दिवस?"

ती पेनचं टोपण चावत राहिली. पहिल्यांदाच ती मला सोळा वर्षांची दिसली. एरवी चाळिशीची वाटते.

मी म्हणाले, "एकदा बाबांनाच विचारूया का? नोकरी त्यांची, कान त्यांचे."

"नको. त्यांना यातलं काही कळत नाही. मी बघते सगळं."

खरंच आहे म्हणा. गेली तीन वर्षं तिनेच सांभाळलंय. मला पटलं. त्यांना कशाला त्रास.

ती निघताना म्हणाली, बाबा दोन दिवस पाळी संपल्यावर तासभर उशिरा येतायत, विचारलं तर काम होतं म्हणतात. जेवतानाही तिच्याकडे बघत बसतात. "कंटाळले असतील," मी म्हणाले. कारखान्याचं काम म्हटल्यावर काय.

सोमवार, ३०

मोठ्या बाईंनी पुरवणी वाचली. कारणाच्या रकान्यात मी 'नवीन माहिती: दुसरी भेट' एवढंच लिहिलं होतं. शेवटी उरलं ते एवढंच: पहिल्या भेटीत मी वीस मिनिटं थांबले, मुलीशी एकटीशी बोलले नाही, ज्या खुणा केल्या त्यांचा अर्थ मी स्वतःच्या घरावरून लावला, या घरावरून नाही, दुसऱ्या भेटीत मुलीला वडिलांची भीती वाटत असल्याचं काहीही दिसलं नाही, शिफारस मागे घेते.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मला बरं वाटायच्या आत पुढे, "पण ते विचारणार. मग ओरडणं कसलं? गैरहजेरी कसली? काय सांगशील?"

"माहीत नाही."

"तुला माहीत आहे, असं मला दिसतंय."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "वचन दिलं असशील तर पाळ. पण खोटं सांगू नकोस. आणि गप्प राहिलीस तर तुझा पहिला अहवालच उभा राहील. तो चांगला लिहिलायस तू, फार चांगला. वाचणाऱ्याला पटतो."

हे ऐकायला मी इथे लागले होते तर. संध्याकाळी बॅग काढली. नुसती काढली, पलंगावर ठेवली, आत दोन शर्ट टाकले. आजवर प्रत्येक गाव मी असंच सोडलंय, काही अंगाशी आलं की दुसऱ्या सकाळी बस. लॉन्ड्रीवाल्यांनी परत ये म्हणून सांगितलंय. तिथे चादरी बोलत नाहीत.

पण पुरवणी मीच घेऊन जायची आहे, उद्या मी गेले नाही तर टेबलावर एकच कागद असेल, पहिला. शर्ट परत खुंटीला लावले. बॅग मात्र पलंगाखाली सरकवली नाही. बघू.

मंगळवार, १

समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. हातांना काहीतरी काम हवं. आमचा नंबर चौथा, दुसरा आत आहे. मुलगी शेजारी बसलीय, शाळेच्या गणवेशात, भूमितीचं पुस्तक उघडून. पाऊण तास एकच पान. नियमकाका फाइल मांडीवर घेऊन समोर.

ती विचारते, "तुम्ही काय सांगणार?"

"पुरवणीत आहे तेच."

"आणि का ओरडतात विचारलं तर?"

"तुला काय वाटतं, काय सांगू?"

"मला काय विचारता. तुम्ही शिकलाय ना या कामाचं."

मी शिकलेली नाही हे तिला सांगितलं. बेकरी, पेट्रोल पंप, लॉन्ड्रीची गाडी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तरीच," आणि जरा हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग परत भूमिती.

माझं ठरलंय असं लिहिणार होते, पण ठरलेलं नाही. आत गेल्यावर तोंडातून काय निघेल त्याची मलाच धास्ती आहे. खरं बोलले तर तिचा बाप घरी बसतो. गप्प बसले तर ती संध्याकाळी वसतिगृहाच्या गाडीत. एका पोरीचं घर आणि तिच्या बापाची चार वर्षं माझ्या वीस मिनिटांवर टांगलेली आहेत आणि मोठ्या बाई म्हणतात, चांगलं लिहिलंयस.

तिसऱ्याला आत बोलावलं.

शिपाई आत्ताच जिना चढून वर आला. धापा टाकतोय. म्हणाला, तुमच्या चौथ्या नंबरचे वडील आलेत खाली.

मुलीने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. तिने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "ते तर फोनसुद्धा उचलत नाहीत." मग कोणी सांगितलं त्यांना? केंद्राबाहेर हिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आणि मग मला खिडकीजवळचा तो दाढीचा आरसा आठवला.

"आज पाळी आहे त्यांची," मुलगी उभी राहत म्हणाली. "नक्की तेच आहेत?"

"तेच. नाव कागदावर लिहून दाखवलं मला," शिपाई म्हणाला. "आणि एकटे नाहीत. कारखान्याचे फोरमन आहेत बरोबर, कामाच्या कपड्यांतच आलेत. ते विचारतायत, या माणसाला ऐकू येत नाही, तर आत काय काय बोललं जाईल ते त्याला लिहून दाखवायची समितीने काही सोय केली आहे का. मी काय सांगू त्यांना?"